सोन्याची अंगठी, लोखंडाची अंगठी

शेजारची नववीतली मुलगी परवा इतिहासाची वही घेऊन आली. 'दोन महायुद्धांच्या मधल्या काळात युरोपात हुकूमशहांचा उदय का झाला?' असा प्रश्न होता. गाईडमधले पाच मुद्दे तिने पाठ केले होते : व्हर्सायचा अपमानकारक तह, आर्थिक मंदी, बेकारी, दुबळी सरकारं आणि नेत्यांचं प्रभावी वक्तृत्व. पाच मुद्दे, पाच मार्क. मी म्हटलं, "छान लिहिलंयस." वही मिटता मिटता ती सहज म्हणाली, "काकू, तेव्हा तिकडच्या बायकांना मत होतं का हो? होतं, तर त्यांनी हे सगळं कसं काय चालू दिलं?"

बी.ए.ला माझा विषय इतिहासच होता, पण खरं सांगते मैत्रिणींनो, मला चटकन उत्तर देता आलं नाही. आमच्या पुस्तकात तह होते, लढाया होत्या, तारखा होत्या. त्या काळात घरात चूल कशी पेटत होती, हे कुठे नव्हतं. मग दुपारची कामं आटोपल्यावर वाचायला घेतलं. वाचता वाचता एक प्रसंग असा भेटला की तो डोक्यातून जाईना. हजारो बायका रांगेत उभ्या राहून बोटातली लग्नाची अंगठी काढून देताहेत आणि त्या बदल्यात लोखंडाची अंगठी घालून घरी जाताहेत! तिथपर्यंत त्या कशा पोहोचल्या, हे समजायचं तर जरा मागे जायला हवं.

पस्तीस खासदारांचा पक्ष

पहिलं महायुद्ध १९१८ मध्ये संपलं. इटली जिंकलेल्यांच्या बाजूला होती, पण तिचे सुमारे सहा लाख सैनिक मेले होते. म्हणजे सहा लाख घरांत कुणाचा मुलगा, कुणाचा नवरा गेलेला. त्यात महागाई, संप, कारखान्यांचा ताबा घेणारे कामगार, धास्तावलेले जमीनदार. सरकारं येत होती आणि पडत होती. मार्च १९१९ मध्ये मिलान शहरात बेनितो मुसोलिनीने आपली संघटना काढली. गंमत म्हणजे तिच्या पहिल्या जाहीरनाम्यात स्त्रियांना मताधिकार देण्याचं कलम होतं!

काळे शर्ट घातलेली त्याची माणसं गावोगावी कामगारांची कार्यालयं आणि सहकारी संस्था जाळत फिरू लागली, विरोधकांना मारू लागली. पोलीस बऱ्याचदा बघत राहायचे. 'चला, संपवाल्यांना कुणीतरी धडा शिकवतंय,' असं पुष्कळ सुखवस्तू लोकांना वाटायचं. १९२१ च्या निवडणुकीत त्याच्या पक्षाचे फक्त ३५ जण निवडून आले होते. तरी ऑक्टोबर १९२२ मध्ये त्याने रोमवर मोर्चाची धमकी दिली. पंतप्रधानांनी लष्करी कायद्याचा हुकूम राजापुढे ठेवला, पण राजाने सही केली नाही. उलट मुसोलिनीलाच सरकार बनवायला बोलावलं. तो मिलानहून रात्रीच्या रेल्वेने रोमला आला. सत्ता त्याने हिसकावली असं आपण म्हणतो, पण खरं तर ती त्याच्या हातात आणून दिली गेली.

पुढे १९२४ ची निवडणूक दांडगाईत झाली. जाकोमो मात्तेओत्ती नावाच्या समाजवादी खासदाराने ३० मेला संसदेत उभं राहून तिचा हिशेब मागितला. ही निवडणूक आम्हाला मान्य नाही, असं तो मुसोलिनीच्या तोंडावर बोलला. अकराच दिवसांनी, १० जूनला, त्याला भर रस्त्यातून गाडीत कोंबून पळवून नेलं. त्याचं प्रेत सापडलं ऑगस्टमध्ये. मागे बायको व्हेलिया आणि तीन लहान मुलं. ही बाई नवऱ्याची चौकशी करायला थेट मुसोलिनीपुढे जाऊन उभी राहिली होती. प्रेत सापडल्यावर तिने सरकारला कळवलं, की माझ्या नवऱ्याची शवपेटी ज्या गाडीने गावी जाईल, त्या गाडीत एकही काळा शर्टवाला मला दिसता कामा नये. तिच्या दुःखात तिने एवढीच अट घातली. किती मोठी हिंमत आहे ही!

तेव्हा देश हादरला होता. विरोधी खासदार संसदेबाहेर पडले आणि राजा काहीतरी करेल म्हणून वाट बघत बसले. राजाने काही केलं नाही. ३ जानेवारी १९२५ ला मुसोलिनीने संसदेत सांगितलं, की जे घडलं त्याची जबाबदारी माझी. सगळे गप्प बसले आणि तिथून उघड हुकूमशाही सुरू झाली.

आणि बायकांचं मत? त्याची कथा तर हसावं की रडावं अशी आहे. १९२५ मध्ये काही ठराविक स्त्रियांना स्थानिक निवडणुकीत मताचा हक्क मिळाला. १९२६ मध्ये स्थानिक निवडणुकाच रद्द झाल्या! गावचा कारभारी आता वरून नेमला जाणार होता. हक्क कागदावर आला आणि पेटी मात्र कुणी पाहिलीच नाही.

पिशवीभर नोटा

जर्मनीची गोष्ट वेगळी. तिथे युद्ध हरल्यावर राजा गेला, प्रजासत्ताक आलं आणि नोव्हेंबर १९१८ मध्ये स्त्रियांना मताधिकार मिळाला. जानेवारी १९१९ च्या निवडणुकीत बायकांनी रांगा लावून मतं दिली आणि ३७ स्त्रिया निवडून आल्या. म्हणजे त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर 'हो, मत होतं' असंच आहे.

पण मताने चूल पेटत नाही, असं वाटायला लावणारे दिवस लवकरच आले. १९२३ मध्ये जर्मन चलन असं कोसळलं, की नोव्हेंबरमध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत. बर्लिनमध्ये एक पाव सुमारे २० हजार कोटी मार्कांना होता. सकाळचा पगार संध्याकाळी मातीमोल व्हायचा, म्हणून बायका कारखान्याच्या दारात पिशवी घेऊन उभ्या राहायच्या. नवऱ्याच्या हातातून नोटा घेतल्या की धावत दुकान गाठायचं! ज्यांनी वीस वर्षं पै-पै साठवून म्हातारपणाची सोय केली, त्यांच्या पासबुकातली रक्कम काडेपेटी घेण्याच्याही लायकीची उरली नाही. आपल्यापैकी जिने डब्यात पैसे साठवलेत, तिला यातलं दुःख वेगळं सांगायला नको. पैसा गेला तो गेलाच, पण नेकीने राहण्यावरचा विश्वासही गेला.

नंतर पाच-सहा वर्षं बरी गेली. मे १९२८ च्या निवडणुकीत हिटलरच्या नाझी पक्षाला जेमतेम २.६ टक्के मतं होती. लोक त्याला हसत होते. मग १९२९ च्या शेवटी अमेरिकेतला शेअर बाजार कोसळला, जर्मनीला मिळणारं कर्ज आटलं, कारखाने बंद पडू लागले. १९३२ च्या सुरुवातीला सुमारे ६० लाख माणसं बेकार होती. बेकार नवरा दिवसभर घरात, मुलं उपाशी आणि बाईने कुठे काम केलं तर 'ही पुरुषाची नोकरी खाते' म्हणून बोलणी. विवाहित सरकारी नोकर स्त्रियांना काढून टाकता येईल, असा कायदा मे १९३२ मध्येच झाला होता, म्हणजे हिटलर यायच्या आधी! वाट आधीच झाडून ठेवली होती म्हणा ना.

हिटलरने प्रत्येकाला त्याला हवं ते सांगितलं. शेतकऱ्याला भाव, बेकाराला काम, कारखानदाराला संपबंदी आणि आयांना सुखाचं घर. सगळ्या दुःखाचा दोष ज्यू लोकांवर आणि कम्युनिस्टांवर. जुलै १९३२ मध्ये त्याच्या पक्षाला ३७ टक्के मतं पडली. सुरुवातीला स्त्रियांची मतं त्याला पुरुषांपेक्षा कमी मिळत, पण १९३२ पर्यंत तो फरक जवळजवळ मिटला होता. 'बायकांनीच हिटलरला आणलं' असं म्हणतात ते खोटं आहे, पण आपण बायकांनी अगदीच हात झटकावेत असंही नाही.

सावध करणाऱ्या बायकाही होत्या बरं. ऑगस्ट १९३२ मध्ये नवी संसद भरली, तेव्हा सर्वांत वयस्कर सभासद म्हणून तिचं उद्घाटन करण्याचा मान ७५ वर्षांच्या क्लारा झेटकिनकडे आला. ही कम्युनिस्ट बाई आजाराने खंगलेली, डोळे अधू, धरून आणावं लागलेली. समोर गणवेषातले २३० नाझी खासदार बसलेले. त्यांच्यासमोर तिने फॅसिझमविरुद्ध सगळ्यांनी एक व्हा, म्हणून सांगितलं. पण विरोधक एक झाले नाहीत. कम्युनिस्ट आणि समाजवादी एकमेकांना पाण्यात पाहत राहिले.

नोव्हेंबर १९३२ मध्ये हिटलरची मतं घटली होती, ३३ टक्क्यांवर आली होती. तरी वरच्या वर्तुळातल्या चार माणसांना वाटलं, की याला खुर्चीवर बसवू आणि दोऱ्या आपल्या हातात ठेवू. ३० जानेवारी १९३३ ला तो चॅन्सेलर झाला. मंत्रिमंडळात त्याच्यासकट नाझी फक्त तिघे होते. पण चारच आठवड्यांनी संसदेची इमारत जळाली आणि दुसऱ्या दिवशी नागरिकांचे हक्क स्थगित झाले. २३ मार्चला संसदेनेच कायदे करण्याचा आपला अधिकार त्याला देऊन टाकला. बाजूने ४४४ आणि विरोधात ९४, तेही सगळे समाजवादी. कम्युनिस्ट खासदार तोवर तुरुंगात, परागंदा किंवा लपलेले होते. विरोधात लढलेल्या टोनी फ्युल्फ या स्त्री खासदाराने त्याच जून महिन्यात आत्महत्या केली. जुलैत नाझी सोडून सगळे पक्ष बेकायदा झाले. जे मत १९१९ मध्ये पहिल्यांदा दिलं होतं, त्याचा अर्थ चौदा वर्षांत संपला.

आईचा गौरव

इथपर्यंत गाईडमध्येही सापडेल. पुढचं मात्र आपल्याला नीट वाचायला हवं.

या दोघांनीही बाईला शिव्या दिल्या नाहीत. उलट तिची आरती ओवाळली! मुसोलिनीने १९२५ मध्ये माता-बालकांसाठी राष्ट्रीय संस्था काढली. १९२७ मध्ये जाहीर केलं, की इटलीची लोकसंख्या चार कोटींवरून सहा कोटींवर न्यायची. अविवाहित पुरुषांवर कर बसवला. १९३३ पासून नाताळच्या आदल्या दिवशी 'माता-बालक दिन' होऊ लागला आणि सर्वांत जास्त मुलं झालेल्या आयांना रोमला नेऊन सत्कार होऊ लागला. पण १९३८ मध्ये कचेऱ्यांतून स्त्रियांचं प्रमाण दहा टक्क्यांवर ठेवावं, असा हुकूमही निघाला.

जर्मनीत १९३३ च्या जूनमध्ये लग्नासाठी हजार मार्कांपर्यंत कर्ज मिळू लागलं. अट एकच, बायकोने नोकरी सोडायची. प्रत्येक मुलामागे पाव कर्ज माफ. म्हणजे चार मुलं झाली की कर्ज फिटलं! नव्याने संसार मांडणाऱ्या मुलीला भांडी, कपाट, पलंग मिळत असेल तर ती नाही कशाला म्हणेल? पुढे १९३७ मध्ये युद्धसामग्रीच्या कारखान्यांत माणसं कमी पडू लागली, तशी ही नोकरी सोडण्याची अट गुपचूप काढून टाकली. गरज नव्हती तेव्हा 'बाईची जागा चुलीपाशी' आणि गरज पडली तेव्हा कारखान्यात.

१९३८ च्या डिसेंबरमध्ये 'मातेचा क्रूस' हे पदक आलं. चार मुलांना कांस्य, सहांना रौप्य, आठांना सुवर्ण. पण ते सगळ्या आयांना नव्हतं हं! ज्यू आईला नाही, सरकारच्या लेखी 'निरोगी वंशाची' नसलेल्या आईलाही नाही. १४ जुलै १९३३ च्या कायद्याने सुमारे चार लाख स्त्री-पुरुषांची सक्तीने नसबंदी झाली. एकीच्या गळ्यात पदक आणि शेजारणीची कूस बंद. ज्या हाताने गौरव केला, त्याच हाताने हेही केलं. ज्या पक्षाने १९२१ मध्येच ठरवलं होतं की नेतृत्वात एकही बाई नको, त्याने बाईला फक्त एकच काम दिलं होतं, मुलं देण्याचं.

स्वयंपाकघरसुद्धा सुटलं नाही. १९३३ च्या ऑक्टोबरपासून थंडीच्या महिन्यांत एका रविवारी प्रत्येक घराने एकाच भांड्यात शिजणारं साधं जेवण करायचं आणि वाचलेले पैसे गरिबांसाठी द्यायचे. ऐकायला किती चांगलं! आपण नाही का उपवासाच्या दिवशी मूठभर धान्य बाजूला काढत? पण इथे पैसे मागायला माणूस दारात यायचा, आणि कोण देतं, कोण नाकं मुरडतं हे शेजारीपाजारी बघायचे. दान होतं ते हजेरी झालं. पुढे पुढे घरातली मुलंसुद्धा सरकारी संघटनेची झाली. १९३६ पासून त्यासाठी कायदा होता. आईने जेवताना काय म्हटलं, हे मुलासमोर बोलण्याचीही चोरी झाली.

अंगठ्यांचा दिवस

आता तो अंगठ्यांचा प्रसंग. ऑक्टोबर १९३५ मध्ये मुसोलिनीने आफ्रिकेतल्या इथिओपियावर हल्ला केला. राष्ट्रसंघाने इटलीवर आर्थिक निर्बंध घातले. युद्धाला सोनं हवं होतं. मग १८ डिसेंबर १९३५ हा दिवस ठरला. त्याचं नाव मोठं हुशारीने निवडलेलं होतं, कारण इटालियन भाषेत लग्नाची अंगठी आणि श्रद्धा या दोन्हींना एकच शब्द आहे, 'फेदे'. रोममध्ये हुतात्मा सैनिकाच्या स्मारकासमोर राणी एलेनाने पहिली आपली अंगठी अर्पण केली. तिच्यामागून हजारो बायका. त्यात युद्धात मुलगा गमावलेल्या आया होत्या, विधवा होत्या. देशभर लाखो अंगठ्या जमल्या. बदल्यात मिळाली लोखंडाची अंगठी, तीवर निर्बंधांची तारीख कोरलेली.

काहींनी अगदी मनापासून दिली असेल. काहींनी शेजारणीच्या बोटात लोखंडी दिसली म्हणून दिली असेल. न देणारीचं बोट लगेच ओळखू येणार होतं ना! मला वाचताना सारखं वाटत होतं, उद्या कुणी मंगळसूत्र मागितलं आणि चार जणी पुढे झाल्या, तर पाचवी मागे राहू शकेल का?

त्या सोन्याचं काय झालं? इथिओपियात विषारी वायूचे बॉम्ब पडले. तिथेही आयाच होत्या, लेकरंच होती. मे १९३६ मध्ये राजधानी अदिस अबाबा पडली.

त्याच दिवसांतली आपल्या देशाशी जोडलेली एक आठवण आहे. २८ फेब्रुवारी १९३६ ला कमला नेहरू स्वित्झर्लंडमध्ये गेल्या. पत्नीच्या अस्थी घेऊन पंडित नेहरू विमानाने परतत होते. वाटेत रोमला थांबावं लागणार होतं. मुसोलिनीला त्यांची भेट हवी होती, सांत्वनाच्या निमित्ताने. नेहरूंनी ठाम नकार दिला. या भेटीचा वापर प्रचारासाठी होईल हे त्यांनी ओळखलं होतं. दुःखाच्या घडीलाही 'नाही' म्हणता येतं, ते असं.

हुकूमशहा एकाच रंगाचे नव्हते. रशियात तर स्त्री-पुरुष समतेची भाषा होती. पण स्टालिनने १९३० मध्ये पक्षाचा स्त्री विभाग बंद केला, १९३६ मध्ये गर्भपातावर बंदी आणली आणि पुढच्या दोन वर्षांत लाखो माणसं रातोरात उचलली. लेनिनग्राडच्या तुरुंगाबाहेर बायका हातात पार्सल घेऊन तासन्‌तास उभ्या राहत. पार्सल घेतलं तर माणूस जिवंत आहे असं समजायचं. कवयित्री आना आख्मातोवाही आपल्या मुलासाठी त्या रांगेत होती. घोषणा कुठलीही असो, शेवटी रांगेत बाईच उभी.

माणगावपर्यंत

हे सगळं दूर युरोपात घडलं, आपल्याला काय त्याचं, असं वाटेल. पण ती आग आपल्या कोकणापर्यंत आली. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे मराठा पलटणीत होते. मुसोलिनीला जुलै १९४३ मध्ये सत्तेवरून खाली खेचलं होतं, पण हिटलरचं सैन्य इटलीत ठाण मांडून होतं. १० जुलै १९४४ ला तिथल्या टायबर नदीच्या खोऱ्यात शत्रूच्या मशीनगनवर एकटे धावून जाऊन घाडगे पडले. वय बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे. रोमच्या बायकांनी अंगठ्या दिल्या त्याला नऊ वर्षंही झाली नव्हती, आणि कोकणातल्या एका घराचं कुंकू पुसलं गेलं होतं.

इटलीतल्या स्त्रियांनी देशाच्या पातळीवर पहिलं मत दिलं ते २ जून १९४६ ला. राजा हवा की प्रजासत्ताक, असा प्रश्न होता. प्रजासत्ताक आलं आणि घटना लिहिणाऱ्या सभेत २१ स्त्रिया बसल्या. पण मधली वीस वर्षं कुणी परत दिली नाहीत.

मग त्या मुलीला मी काय सांगितलं? म्हटलं, "बाळा, त्या बायका वाईट नव्हत्या. त्या दमलेल्या होत्या. महागाईने, भांडणाऱ्या पुढाऱ्यांनी दमलेल्या. कुणीतरी एक खंबीर माणूस येऊन सगळं सरळ करेल, असं त्यांना वाटलं. त्याने आधी मान दिला, मग थोडा थोडा हिशेब मागणं बंद करवलं. प्रत्येक वेळी 'एवढंच ना' म्हणून त्या गप्प बसल्या."

हे सांगताना मला माझीच लाज वाटली. आमच्याकडे मंडळाच्या, बचत गटाच्या रजिस्टरवर न वाचता सह्या होतात. 'ताई बघतील सगळं, आपल्याला काय कळतंय' म्हणत कोऱ्या पानावरही होतात. मीही केल्या आहेत. ताई चांगल्या आहेत म्हणून आजवर निभावलं. पण कारभार ताईंच्या चांगुलपणावर चालतो की आपल्या डोळ्यांसमोर, हा फरक मोठा आहे. त्या ४४४ जणांनीही शेवटी एका कागदाला होच म्हटलं होतं.

येत्या बैठकीत रजिस्टर मोठ्याने वाचूनच सही करायची, असं मी ठरवलंय. वेळ लागेल, चहा गार होईल, कुणी वैतागेलही. वैतागू दे.

त्या मुलीने वहीत सहावा मुद्दा लिहिला : 'लोकांनी हिशेब विचारणे सोडले.' गाईडमध्ये नाही, म्हणून मार्क मिळतील की नाही याची तिला काळजी होती. मी म्हटलं, "राहू दे, खोडू नकोस."